जुन्या घाटाची नवी गिटार : आपल्या कारागिरांसाठी एक धडा

सन १९५९ मध्ये अमेरिकेतील गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' नावाची इलेक्ट्रिक गिटार तीनशे डॉलरच्या आत दुकानात मिळत होती. तिला त्या वेळी फारसे गिऱ्हाईक नव्हते. मागणी घटली म्हणून कंपनीने १९६१ च्या सुमारास तिचा घाटच बदलून टाकला. आज त्याच १९५९ सालच्या गिटारी लाखो डॉलरना विकल्या जातात. मूळ वाद्ये थोडी आणि हौशी फार, अशी स्थिती झाल्याने जगभर अनेक लहान-मोठे कारखाने जुन्या मापाने, जुन्या पद्धतीने नव्या गिटारी बनवून देतात. गिऱ्हाईक ऑर्डर देते, हाताला बसेल अशी मान मागते, रंग सांगते, अगाऊ रक्कम भरते आणि कित्येक महिने वाट पाहते.

कोल्हापूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. पण लाकूड, तार, तांब्याचा वाइंडिंग वायर, पितळ आणि पॉलिश या पाच गोष्टींनीच ही गिटार बनते, आणि या पाचही गोष्टी हाताळणारे कारागीर कोल्हापूर, मिरज, सांगली आणि इचलकरंजी या टापूत आहेत. त्यांत आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा धंदा कसा चालतो आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा अभ्यास करणे उपयोगाचे आहे.

मिरजेची विद्या

कोल्हापूरहून रेल्वेने तासा-दीड तासावर मिरज आहे. तेथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी आणि पाणी देणारी. इंग्रजी अंमल बसल्यावर तलवारी-भाल्यांचे काम आटले. सन १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत लक्ष घातले आणि पुढे स्वतःच सतार व तंबोरा घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या उरुसात गवय्ये हजेरी लावत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले गेले. वाद्य करणारा आणि वाद्य वाजवणारा एकाच गावात असल्यामुळे गवय्याची तक्रार त्याच दिवशी कारखान्यात पोचत असे. मिरजेचा तंबोरा देशभर नावाजला तो यामुळे. शिकलगारांच्या घरांना पुढे 'सतारमेकर' हे आडनावच पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकलगारांचा जुना धंदा बुडाला तेव्हा त्यांनी हुन्नर टाकून दिला नाही, तो दुसऱ्या वस्तूवर चालवला. धातूवर चालणारा हात लाकडावर आणि तारेवर चालला.

आता मिरजेपुढे तसाच प्रश्न पुन्हा आला आहे. १९७९ साली बंगळूरमध्ये जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे असे यंत्र गायकाच्या पिशवीत गेले, आणि आता तर मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो. रियाजासाठी घरोघरी लागणारा तंबोरा पूर्वीइतका लागत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ही समाधानाची बाब आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. पण घरातील मुलाने बापाच्या शेजारी बसून काम शिकायचे की नाही, हे कामाच्या मोबदल्यावर ठरते. म्हणून या हुन्नराला आणखी कोणकोणत्या वस्तूंवर चालवता येईल, हा विचार आजच करावयास हवा.

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे काय?

तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यात घुमतो. साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घुमतो. इलेक्ट्रिक गिटारला पेटी लागत नाही. भरीव फळी चालते. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की गुंडाळीत सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ती ॲम्प्लिफायरमध्ये मोठी होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. या भागाला पिकअप म्हणतात. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आपण जी बेंजो पार्टी ऐकतो, त्या बेंजोचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो तोही पिकअपच्याच जोरावर. बेंजो दुरुस्त करणाऱ्याला गिटारची निम्मी वीज आधीच ठाऊक असते.

या वाद्याचा इतिहास कारखानदाराने वाचण्यासारखा आहे. व्यापारी प्रमाणावर विकली गेलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली रिकनबॅकरच्या कारखान्यातून बाहेर पडली. ती लाकडाची नव्हती, ॲल्युमिनियमची ओतीव होती, आणि तिच्या आकारामुळे लोक तिला तळणीचा तवा म्हणत. ओतकामावर वाढलेल्या कोल्हापूरला यातील मर्म सांगावयास नको.

त्यानंतर कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस पुढे आला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो नीट ऐकत असे. १९५० साली त्याने भरीव फळीची गिटार बाजारात आणली. मान गोंदाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे मान खराब झाली तर तेवढीच बदलता यावी. हीच गिटार पुढे 'टेलिकास्टर' म्हणून प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' आली. गिब्सनने १९५२ मध्ये 'लेस पॉल' काढली; तिची बॉडी मॅहोगनीची, वर मेपलचा थर आणि मान गोंदाने जोडलेली. आज जुन्या घाटाची म्हणून जी गिटार बनते, ती बहुधा या तीन नमुन्यांपैकी एकावर आधारलेली असते.

जुन्याला भाव का आला?

१९६५ साली फेंडरने आपली कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. उत्पादन वाढले, पण पुढील वर्षांत वादकांची तक्रार सुरू झाली की माल पूर्वीसारखा राहिला नाही. तेव्हापासून '६५ पूर्वीची' असा शब्दप्रयोग बाजारात रूढ झाला. १९८५ मध्ये कंपनी पुन्हा जाणत्या माणसांच्या हाती आली आणि १९८७ साली तिने ऑर्डरप्रमाणे गिटारी बनवणारा वेगळा विभाग, म्हणजे कस्टम शॉप, सुरू केला. थोडक्यात, कंपनीला आपलीच जुनी वस्तू पुन्हा शिकावी लागली.

हे शक्य झाले कारण जुन्या वस्तूंवर खुणा होत्या. फेंडरच्या कारखान्यात १९५० च्या दशकात तादेओ गोमेझ नावाचा कारागीर माना घडवत असे. तो मानेच्या बुडाला आपल्या नावाची आद्याक्षरे आणि तारीख लिहून ठेवी. आज मान उघडल्यावर ती अक्षरे दिसली की गिटारची किंमत वाढते. १९५६ साली कामाला लागलेली अबिगेल इबारा ही बाई पिकअपच्या गुंडाळ्या भरत असे. पुढे कस्टम शॉपमध्ये तिच्या हातच्या पिकअपवर तिची आद्याक्षरे असत, आणि केवळ त्या अक्षरांसाठी गिऱ्हाईक जादा पैसे देई. ही दोघे कारखान्याची मालक नव्हती, रोजंदारीवर राबणारे हात होते.

आपल्याकडे वाद्यावर दुकानाचे नाव असते. पण दांडी कोणी घडवली, जवारी कोणी काढली, कोणत्या महिन्यात काढली, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. उस्तादाचे माप उस्तादाच्या बोटांत असते आणि उस्ताद गेला की माप जाते. या लेखाचे मुख्य सांगणे हेच आहे. कोणताही हुन्नर पुढच्या पिढीला आणि दूरच्या गिऱ्हाइकाला द्यावयाचा असेल, तर त्याचे माप कागदावर आणि करणाऱ्याचे नाव वस्तूवर हवे.

मापाची गोष्ट

सतार आणि गिटार यांत कारागिराच्या दृष्टीने मोठा फरक पडद्यांचा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर चुकला तर वादक पडदा सरकवून घेतो. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात. ते सरकत नाहीत. खाच चुकली की पट्टी फुकट गेली.

फ्रेटच्या खाचा काढण्याचा नियम सोपा आहे. वरच्या नटपासून ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी असते, तिला १७.८१७ ने भागावे. जे येईल तेवढ्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागावे, म्हणजे पहिल्यापासून दुसऱ्याचे अंतर मिळते. असे करत जावे. फेंडरची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर, दुसरा ७०.७० वर, तिसरा १०३.१० वर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर येतो. बारावा मध्यावर आला नाही तर हिशेबात चूक झाली असे समजावे. गिब्सनची लांबी पावणेपंचवीस इंचांच्या आसपास असते, म्हणून तिच्या खाचा वेगळ्या. एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही.

येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. हिशेब एकापुढे एक केला तरी खूण करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यावे. फ्रेटपासून फ्रेट असे मोजत गेल्यास दर वेळी दोन दशांश मिलिमीटरची चूक झाली, तरी बाराव्या फ्रेटपर्यंत ती दोन मिलिमीटरांवर जाते. लाकडी फूटपट्टी या कामाला उपयोगी नाही. पोलादी पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर हवा. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतील सीएनसी यंत्रावर ॲल्युमिनियमची एक अचूक पट्टी एकदाच कापून घेतली, तर तीच साचा म्हणून जन्मभर वापरता येते.

दुसरी बाब ब्रिजची. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. म्हणून ब्रिज हिशेबाच्या लांबीपेक्षा थोडा मागे असतो. जाड तारेला जास्त, बारीक तारेला कमी. जुन्या टेलिकास्टरला सहा तारांना मिळून तीनच पितळी घोड्या होत्या. दोन तारांना एकच घोडी असल्याने प्रत्येक तार पूर्ण सुरात बसत नसे. आज जुन्या घाटाची गिटार करणारे पितळी घोडी ठेवतात, पण ती तिरकी कापून हा दोष काढतात. जुने सगळेच चांगले असे नाही. जुन्यातील गुण ठेवून दोष काढणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे.

आणखी काही मापे टिपून ठेवण्यासारखी आहेत. फेंडर पद्धतीची बॉडी पावणेदोन इंच, म्हणजे ४४ ते ४५ मिलिमीटर जाड असते. मान बसण्याचा खळगा सुमारे १६ मिलिमीटर खोल आणि ५६ मिलिमीटर रुंद असतो. खळग्यात मान अशी घट्ट बसावी की स्क्रू लावण्यापूर्वी गिटार मानेने उचलली तरी पडू नये.

लाकूड

अमेरिकेत फेंडरसाठी अ‍ॅश व आल्डर आणि गिब्सनसाठी मॅहोगनी वापरतात. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या दांडीसाठी तून जातीचे तांबूस लाकूड वापरतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तून आणि मॅहोगनी एकाच कुळातील झाडे आहेत. तून वजनाला हलके आणि हत्याराला सोपे. तेव्हा बॉडीसाठी परदेशी लाकडाच्या मागे धावण्याचे कारण नाही. मानेसाठी मात्र ताण सोसणारे, सरळ रेषेचे, गाठ नसलेले लाकूड हवे, आणि मानेत पोलादी सळई बसवावी लागते. ती पिळून मान सरळ करता येते.

बोटांखालच्या पट्टीसाठी आपली शिसवी जगात मान्यता पावलेली आहे. ब्राझीलच्या शिसवीवर निर्बंध आल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. परंतु निर्यात करणाऱ्याने नियम जाणून घ्यावेत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आल्या. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना आणि वाद्यांच्या तयार भागांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही. त्याचप्रमाणे घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरत, त्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. नट-घोडीसाठी उंटाचे हाड मिरजेत वापरतात, गिटारच्या नटलाही हाडच उत्तम.

लाकूड वाळवणे हा यातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते. जुलैत घडवलेली मान एप्रिलमध्ये आखडते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन हाताला बोचतात. फळ्या कापून, मध्ये काठ्या घालून, सावलीत रचून ठेवाव्यात आणि ओल मोजण्याच्या यंत्राने तपासूनच कामाला घ्याव्यात. प्रत्येक फळीवर कापल्याची तारीख खडूने लिहावी.

गुंडाळी

पिकअपची तार केसाइतकी बारीक असते. ४२ गेजची ही तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या पिकअपला तिचे सुमारे आठ हजार वेढे असत. गिब्सनच्या जोड पिकअपला प्रत्येक गुंडाळीत सुमारे पाच हजार. दोन गुंडाळ्या उलट जोडल्याने विजेची घरघर नाहीशी होते. १९५० च्या दशकाच्या मध्याला सेथ लव्हर नावाच्या अभियंत्याने गिब्सनसाठी ही युक्ती काढली.

मोटार आणि पंपाचे वाइंडिंग करणाऱ्याच्या हाताला हे काम लवकर येते. फक्त तार फार नाजूक असल्याने ताण हलका ठेवावा आणि वेढे मोजणारा काउंटर लावावा. गुंडाळी झाल्यावर पॅराफिन मेणात थोडे मधमाशांचे मेण मिसळून, ६० ते ६५ अंशांवर त्यात बुडवून ठेवावी, म्हणजे तारा सैल राहून शिट्टी मारत नाहीत. मेण उघड्या ज्योतीवर तापवू नये, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून तापवावे. नंतर मीटरने रोध मोजावा. स्ट्रॅटोकास्टर जातीचा पिकअप सहा हजार ओहमच्या आसपास भरतो. वेढे, रोध आणि तारीख वहीत लिहावी. साध्या पिकअपला २५० हजार ओहमचे आणि जोड पिकअपला ५०० हजार ओहमचे व्हॉल्यूम कंट्रोल लावतात. ही अदलाबदल झाली तर आवाज बोथट किंवा कर्कश होतो.

शेवटचा हात

जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. तो वर्षांनी पिवळसर पडतो, बारीक तडकतो आणि गिऱ्हाइकाला तेच हवे असते. हे लॅकर लवकर पेट घेते आणि त्याची वाफ फुप्फुसाला वाईट असते. बंद खोलीत, विडी-सिगारेट ओढत किंवा मास्कशिवाय स्प्रे मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळ्यात हे काम टाळावे. सतारीला चपड्याचे पॉलिश करणारा कारागीर कापडाच्या बोळ्याने जो पातळ थर चढवतो, तेही गिटारच्या मानेला शोभते. ज्याला स्प्रेची सोय नाही त्याने तेथून सुरुवात करावी.

सर्वांत शेवटी सेटअप. सर्व फ्रेट एका पातळीत आहेत की नाही हे पोलादी पट्टी ठेवून पाहावे. उंच फ्रेट शाईने रंगवून सपाट दगडाने घासावा आणि पुन्हा गोल करावा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. तार कुठेही खरखरू नये.

सतारीच्या जवारीत आपण याच्या उलट करतो. घोडीचा माथा असा घासतो की तार तिला हलकेच चाटत जाईल आणि सूर झंकारेल. ही विद्या अमेरिकेत पोचली तेव्हा १९६७ साली व्हिन्सेंट बेल या वादकाने डॅनइलेक्ट्रो कंपनीबरोबर 'कोरल' नावाची इलेक्ट्रिक सतार काढली. ती होती गिटारच; फक्त तिची घोडी रुंद व सपाट करून तारेला झणझणाट दिला होता. पुष्कळ पाश्चात्त्य गाण्यांत सतारीसारखा जो आवाज येतो तो या वाद्याचा आहे, आणि आजही त्या घाटाच्या नव्या गिटारी ऑर्डरने बनतात. जवारी काढणाऱ्या हाताला यात स्वतःचे असे काम आहे. जवारीची सपाट घोडी हाडात किंवा पितळेत घडवून गिटारला बसवणे, हे मिरजेचा कारागीर गिटार कारखान्यातील कारागिरापेक्षा लवकर शिकेल, असे आमचे मत आहे.

नक्कल आणि नाव

जुन्या घाटाचे काम करणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : घाट आणि नाव.

कंपनीचे नाव, चिन्ह आणि मानेच्या वरच्या टोकाचा विशिष्ट आकार हे बहुधा नोंदलेले असतात. त्यांची नक्कल करणे गुन्हा आहे. बॉडीच्या आकाराबाबत निकाल वेगवेगळे लागले आहेत. फेंडरने आपल्या जुन्या बॉडीचे आकार अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न केला. २००९ साली तो नामंजूर झाला, कारण ते आकार पूर्वीच सर्वांच्या वापरात गेले होते. कंपनीने दाव्याला फार उशीर केला. दुसऱ्या देशांत कायदा वेगळा असू शकतो, म्हणून परदेशी माल पाठवण्यापूर्वी ट्रेडमार्कच्या वकिलाला विचारावे.

नावाबाबत खुद्द फेंडरलाही धडा मिळाला होता. त्याच्या पहिल्या गिटारचे नाव 'ब्रॉडकास्टर' होते. ग्रेच कंपनीने कळवले की असेच नाव आमच्या ढोलांना आहे. फेंडरने १९५१ मध्ये नाव सोडले, आणि नवे ठरेपर्यंत काही महिने गिटारी मॉडेलच्या नावाशिवायच विकल्या. त्याने माल थांबवला नाही आणि भांडतही बसला नाही.

आणखी एक बाब. काही गिऱ्हाइके नवी गिटार मुद्दाम झिजवून, पोचे पाडून मागतात. १९९५ पासून फेंडर कंपनी स्वतःही असा माल विकते. गिऱ्हाइकाला सांगून केलेले काम हे काम आहे. पण नवी वस्तू जुनी म्हणून विकणे ही फसवणूक आहे. मालातील दोष लपवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. मानेच्या बुडाला खरी तारीख आणि स्वतःचे नाव कोरावे, म्हणजे तीन हात पुढे गेल्यावरही ती वस्तू कोणाला जुनी म्हणून विकता येणार नाही.

घाट दुसऱ्याने उचलला तर काय होते ते कोल्हापूरने नुकतेच पाहिले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली, मूळ गावाचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीला भारतीय चपलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य करावे लागले. ओरडीला बळ मिळाले ते २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते म्हणून. कागद तयार होता. दुसऱ्याच्या घाटावर काम करताना आपण मूळ सांगावे, आणि आपल्या घाटाचे मूळ कागदावर आणून ठेवावे.

सुरुवात कशी करावी?

१. पूर्ण गिटार बनवण्याने सुरुवात करू नये. प्रथम दुरुस्ती घ्यावी. फ्रेट घासणे, नट बदलणे, वायरिंग, सेटअप या कामाला भांडवल थोडे लागते आणि निरनिराळ्या गिटारी हाताखालून जातात. प्रत्येकीचे माप वहीत उतरवून घ्यावे.

२. दुसऱ्या टप्प्यात एकच भाग करावा : पिकअप, पितळी घोड्या, हाडाचे नट किंवा बॉडी. एकाच घराने सारे करण्यापेक्षा टर्नर, वाइंडर, सुतार आणि पॉलिशवाला यांनी मिळून करावे. मिरजेतही भोपळा पिकवणारा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी असतो आणि वाद्य घडवणारा मिरजेचा असतो.

३. पूर्ण गिटार करावयाची झाल्यास एकच नमुना निवडावा आणि पहिल्या चार-पाच वादकांना तपासायला द्याव्यात. त्यांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात.

४. परदेशातून येणाऱ्या कारखान्याच्या स्वस्त गिटारशी किमतीत स्पर्धा करू नये, त्यात हार ठरलेली आहे. कारखाना जे देत नाही ते द्यावे. डावखुऱ्या वादकाला मनासारखी गिटार क्वचितच मिळते. लहान हाताला पातळ मान हवी असते. ही खरी गिऱ्हाइके आहेत.

५. ऑर्डरचा छापील फॉर्म ठेवावा : तारेची लांबी, मानेची जाडी, लाकूड, पिकअप, रंग, मुदत, अगाऊ रक्कम. तोंडी ऑर्डरीतून भांडणे होतात. मुदत पाळता येणार नसेल तर आधी कळवावे.

६. किंमत ठरवताना साहित्याबरोबर स्वतःची मजुरी तासावर धरावी. घरच्या माणसांची मजुरी न धरता लावलेला भाव हा तोट्याचा भाव असतो.

७. प्रत्येक वाद्याला क्रमांक द्यावा. वहीत त्या क्रमांकासमोर लाकडाची तारीख, मापे, वेढे आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी.

वहीची गोष्ट

यांतील सातवा मुद्दा गिटारपुरता नाही. जो सतार-तंबोराच करत राहणार आहे, ज्याला गिटारशी कर्तव्य नाही, त्यानेही तो आजपासून पाळावा. घरातील वडील कारागीर बसून आहेत तोवर त्यांच्यासमोर कॅलिपर घेऊन बसावे. चांगल्या तंबोऱ्याची दांडी किती रुंद, तबली किती जाड, घोडीचा माथा किती उतरता, भोपळ्याचा घेर किती, हे मोजून लिहावे. ते म्हणतील, "हे मोजून येत नाही, हाताला कळते." ते खरेच आहे. गुंडाळी हलक्या हाताने भरणे हे इबारालाही वहीतून आले नव्हते. पण मोजलेले असले म्हणजे शिकणाऱ्याचा हात चुकीच्या वाटेने दहा वर्षे जात नाही.

गिब्सनने बंद केलेली गिटार तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा तशीच बनवता आली, कारण ती मोजता येत होती. मिरजेचा तंबोरा आजही बनतो आहे आणि बनवणारे समोर आहेत. पुन्हा शिकण्याची वेळ येण्यापूर्वीच लिहून ठेवणे आपल्या हातात आहे. एक वही, एक कॅलिपर आणि आठवड्यातील एक संध्याकाळ एवढाच त्याचा खर्च आहे.